गाय उठली त्याची साक्ष

राधाकृष्णची गाय शनिवारी सकाळी बसली. तीन दिवसांमागं व्याली होती, कालवड झाली होती, आणि उजाडल्यावर तो धार काढायला गेला तर गाय मान पोटाकडे वळवून पडलेली. कान थंडगार. त्यानं शेपूट पिरगाळलं, मागच्या बाजूला दोन लाथा घातल्या, आणि मग नोहाला फोन केला. लोक आधी लाथ घालतात, मग फोन करतात. नोहाला त्याची सवय होती.

नोहा साळवे तिसगावच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर जनावरं बघायचा. जनावरांच्या उपचाराची पदविका घेतलेला, सरकारी नोकरी न लागलेला, मोटरसायकलला मागं पेटी बांधून हिंडणारा. गाई गाभण राहाव्यात म्हणून भरवायच्या, अडलेलं वासरू ओढायचं, म्हशीचं फुगलेलं पोट उतरवायचं. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. चिडले की म्हणायचे, "डॉक्टर न्हवं त्यो, नोहा हाय." ह्या एका विनोदावर गाव कैक वर्षं हसत होतं.

त्या दिवशी तो एकटा नव्हता. पुण्याहून नोकरदार ख्रिस्ती मंडळी आली होती. दर दोन-तीन महिन्यांनी ती यायची. कंपनीत, बँकेत, दवाखान्यात काम करणारी माणसं. सुट्टी घालवून, पदरचं पेट्रोल जाळून खेड्यात यायची आणि सेवा करायची. डोळे तपासायची, पोरांना इंग्रजी शिकवायची, शेवटी प्रार्थना घ्यायची. ती माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असती तर सगळंच सोपं झालं असतं.

त्यांचा म्होरक्या योहान, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मूळचा पारनेरकडचा, पण बोलण्यात पारनेर उरलं नव्हतं. बरोबर डॉक्टर सिल्व्हिया, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर. नोहाचं काम बघायचं म्हणून दोघं त्याच्या मागोमाग कारनं निघाले.

"ब्रदर, आम्हाला एका घरात शिरायला वर्ष लागतं," योहान म्हणाला. "तुम्ही रोज घरोघर जाता. केवढी संधी आहे ही."

"घरात न्हाई जात," नोहा म्हणाला. "गोठ्यात जातो."

योहानला तो विनय वाटला.

वैशाखातलं ऊन आठ वाजताच पत्र्यावर चढलं होतं. विहिरीनं तळ गाठलेला, वस्तीवर टँकर येत होता, आणि गोठ्यात ओल होती ती फक्त गायीच्या मुताची. नोहानं गायीच्या डोळ्यावर बोट फिरवलं. पापणी संथ हलली. दुधाचा ताप. ताप म्हणायचा, पण अंग गार पडतं. सगळं कॅल्शियम दुधात उतरतं आणि जनावराच्या पायातली ताकद जाते. त्यानं बाटली कोमट पाण्यात ठेवली, मानेला दोरी आवळून शीर फुगवली, सुई घातली, बाटली खुंटीला टांगली. हे औषध सावकाश जावं लागतं. घाई केली की काळीज बंद पडतं. तो गुडघ्यावर बसला, एक हात गायीच्या काळजावर, डोळे बाटलीकडे. तोंड मिटलेलं.

तेवढ्यात सिल्व्हिया चपला काढून शेणात बसली. गायीच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना करू लागली. "प्रभू येशू, ह्या मुक्या जीवाला उठव. ह्या घरावर तुझा आशीर्वाद येऊ दे." डोळ्यांतून पाणी. नाटक नव्हतं ते. योहाननं मोबाईल समोर धरला होता.

बाटली संपत आली तशी गायीच्या अंगावरून थरथर गेली. नाकावर घाम फुटला. तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, मागचे पाय सावरले आणि उभी राहिली. हे असंच होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते मेलेलं जित्तं झाल्यासारखं वाटतं.

"हालेलुया," योहान म्हणाला.

राधाकृष्णची आई बनुबाई हिनं गायीला हात जोडले, मग नोहाला, मग पुण्याच्या पाहुण्यांना. कोणालाच वगळलं नाही. तिनं नोहाच्या हातावर वरून पाणी ओतलं, तांब्या त्याच्या बोटाला लागणार नाही एवढ्या उंचीवरून. मग चहा आला. पाहुण्यांना ओटीवर खुर्च्या, स्टीलचे पेले. नोहाला गोठ्याच्या देवळीत ठेवलेला कान तुटलेला कप. त्यानं तो स्वतःच विसळून घेतला, चहा प्याला, पुन्हा विसळून देवळीत ठेवला. योहानचा आजा आणि नोहाचा आजा एकाच काळात पायताण हातात घेऊन चावडीपुढून गेलेले. पण एकाचा नातू कारमधून उतरला होता. कारमधून उतरलेल्या माणसाची जात बनुबाईला दिसली नाही. आणि योहानला तो कप दिसला नाही.

निघताना नोहा राधाकृष्णला म्हणाला, "दोन दिस सड पुरते पिळू नको. थोडं दूध आत ऱ्हाऊ दे. न्हाईतर पुन्ना बसंल."

"कळलं की रं."

दुपारच्या आतच व्हिडिओ सगळीकडे फिरला. पुण्याच्या ग्रुपवरून नगरच्या ग्रुपवर, तिथून गावातल्या कोणाच्यातरी पुतण्याकडे. त्यात बाटली दिसतच नव्हती. पडलेली गाय दिसत होती, कपाळावरचा हात दिसत होता, प्रार्थना ऐकू येत होती, आणि गाय उठत होती. खाली लिहिलं होतं, आपले बंधू नोहा ह्यांच्या सेवेद्वारे देवानं केलेलं अद्भुत.

संध्याकाळी नोहाच्या आईनं, पुष्पावतीनं, तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. तिचा जन्म लोकांचे कांदे काटण्यात गेला होता. "बघ की, तुजं नाव घेतलंय. आख्ख्या गावानं पायलं आसंल."

"गावानं पायलंय तेच तर," नोहाची बायको रेबेका म्हणाली. ती अंगणवाडीत मदतनीस होती. आजच दोन बायकांनी आपल्या पोरांना खाऊ न घेताच घरी नेलं होतं, असं तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. सांगताना मान वर केली नाही.

मग राधाकृष्णचा फोन आला. दोघं शाळेत एका वर्गात होते.

"नोहा, माझी गाय बाटवली का रं तुमी?"

"राधाकिसन, कॅल्शियम दिलं मी. तुज्यासमोर दिलं."

"मला ठावं हाय. लोकांना कुठं ठावं हाय? दूध घालाय गेलो तर इचारत्यात, हे दूध देवळात चालंल का चर्चमधी. उद्या म्हनतील मीच बाटलो. त्या बाईला हात लावू दिला ती चूक झाली माजी." मग तो म्हणाला, "तू आता येऊ नको आमच्याकडं. मी पाथर्डीच्या मानसाला सांगीन."

त्या संध्याकाळी आणखी दोघांनी गाई भरवायला बोलावलं होतं, त्यांनीही नको म्हणून सांगितलं. नोहानं पेटीतल्या सुया उकळायला ठेवल्या. पाणी आटलं तरी तो तिथंच बसून होता. गोठे बंद झाले की तो कोण होता? त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायचं नव्हतं. जनावराच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा पाय सापडतो त्या क्षणी त्याला जे वाटायचं, ते त्याला रविवारच्या उपासनेत कधी वाटलं नव्हतं. हे त्यानं चर्चच्या पाळकांना सांगितलं नव्हतं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. पुण्याची मंडळी पुढच्या बाकावर. गीतं झाली, उपदेश झाला, आणि पाळकसाहेब हसतमुखानं म्हणाले, "आता बंधू नोहा साक्ष देतील. प्रभूनं त्यांच्या हातून काय केलं ते आपण ऐकू."

पुष्पावतीनं पदर सारखा केला. रेबेका बाकाच्या कडेला नख घासत होती.

नोहा उभा राहिला. "सलाम मंडळींनो. गाईला दुधाचा ताप हुता. औषध दिलं, औषधानं उठली. प्रार्थना बाईंनी केली. मीबी केली, मनात. मी रोजच करतो." तो थांबला. लोकांना वाटलं आता खरं बोलेल. "गाय राधाकिसनची हाय. तिला आपल्या साक्षीत आनताना त्याला कोनी इचारलं न्हाई. येवढंच."

तो खाली बसला. कोणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी घाईनं पुढचं गीत सांगितलं, आणि पेटीवाल्याला सूर सापडेना. पुष्पावती शेजारणीला ऐकू जाईल असं पुटपुटली, "दिल्यालं तोंडातून काढून टाकलं माझ्या लेकानं."

उपासना सुटल्यावर सिल्व्हिया त्याला लिंबाखाली गाठून उभी राहिली. योहानही आला.

"व्हिडिओ काढून टाकलाय आम्ही," योहान म्हणाला. "पण ब्रदर, साक्ष अशी अर्धवट द्यायची नसते. विश्वासानं द्यायची असते. तुमचं काम हेच तुमचं मिशन आहे. आम्ही सगळे नोकरी करता करता हेच करतो."

"कुठं करता?"

"म्हणजे?"

नोहा सिल्व्हियाकडे वळला. "बाई, तुमी तुमच्या हास्पिटलात पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करता का? त्याच्या आईबापासमोर?"

योहान म्हणाला, "तिथले नियम वेगळे असतात."

"आन तुमी कंपनीत?"

"ब्रदर, तिथं तसं चालत नाही. नोकरी जाईल."

"मंग हितं का केली?" नोहाचा आवाज चढला नाही. "हितं माजी नोकरी जात न्हाई का?"

योहाननं किल्ली बोटाभोवती फिरवली. लांब बघत म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेता." आणि गाडीकडे गेला.

सिल्व्हिया गेली नाही. ती खाली बघत होती. तिच्या चपलेच्या खाचेत कालचं शेण वाळलेलं होतं. "तिथं मी मनातच करते," ती म्हणाली. "रात्रपाळीला. कोणाला दिसत नाही. मला वाटायचं ती कमी प्रतीची आहे. मोठ्यानं करायला मी इथं येते." मग म्हणाली, "मी त्या घरी जाऊन माफी मागू?"

"नका. तुमी परत गेला तर पुन्ना बोभाटा व्हईल."

"मग मी काय करू?"

नोहाला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. "तुमचं काम करा बाई," तो म्हणाला. "तितं."

तिन्हीसांजेला गोरक्षनाथनं त्याला दूध डेअरीवर बोलावून घेतलं. गोरक्षनाथ डेअरीचा चेअरमन, राधाकृष्णचा चुलतभाऊ. कॅन वाजत होते, पंधरा-वीस माणसं दूध घालायला उभी. राधाकृष्ण कोपऱ्यात, खाली मान घालून. त्यानं त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त दूध आणलं होतं, आणि ते मापताना सगळ्यांनी बघावं म्हणून किटली उंच धरली होती. गायीला काही झालंच नव्हतं, असं त्याला दाखवायचं होतं. नोहाच्या ते लक्षात आलं. तो राधाकृष्णकडे एक पाऊल सरकला, तर राधाकृष्णनं पाठ फिरवली.

"नोहा, आमचं तुज्याशी वाकडं न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. "तुजा हात चांगला हाय. पन गाव सांबाळावं लागतं. तुमच्यावाल्यांनी व्हिडिओ काढला, आता आमी एक काढतो. तू फकस्त बोल. म्हन, गाय औषधानं उठली, प्रार्थनेनं काय बी व्हत न्हाई. मंग उद्यापासून सगळे गोठे तुजे."

एक पोरगेला माणूस मोबाईल धरून पुढं झाला.

"गाय औषधानं उठली," नोहा म्हणाला.

"पुढचं."

"प्रार्थना मीबी केली हुती."

"हे न्हाई. प्रार्थनेनं काय व्हत न्हाई म्हन."

"सकाळी चर्चमधी जे बोललो तेच हितं बोलतोय. त्येंनाबी आवडलं न्हाई."

कोणीतरी हसलं. "आरं म्हनून टाक की. तुजा देव काय डेअरीवर ऐकाय बसलाय व्हय?"

"त्यो न्हाई ऐकत तर तुमाला कशाला पायजे?" नोहा म्हणाला. आता मात्र त्यानं हात खिशात घातले.

गोरक्षनाथनं मोबाईलवाल्याला हात केला. "बंद कर. ऱ्हाऊ दे. माज हाय त्येला." मग कॅनवर झाकण आपटून म्हणाला, "गाय-म्हस बसली तर पाथर्डीचा नंबर भिंतीवर लिवलाय. सगळ्यांनी घ्या उतरून."

माणसं खरंच भिंतीकडे वळली. नोहा त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडला. त्यातल्या बहुतेकांच्या गायींच्या पोटात त्याचा हात गेलेला होता.

सोमवारी ऊन वर आलं तेव्हा बनुबाई त्याच्या दाराशी उभी होती. अनवाणी, धापा टाकत. आत या म्हटलं तर आली नाही. दाराच्या चौकटीलाही हात लावला नाही.

"नोहा, गाय पुन्ना बसली. पाथर्डीवाला दुपारनंतर येतो म्हनतोय. तवर ती न्हाई ऱ्हायाची."

"राधाकिसननं धाडलं का?"

"त्येला ठावं न्हाई मी आलेय."

"जाऊ नका," रेबेका घरातून म्हणाली. "आवो, मेली तर तुमच्या नावावर बिल फाडतील. म्हनतील मुद्दाम मारली."

पुष्पावती दाराशी आली. "बनुबाय, परवा तुज्या घरी माज्या लेकाला तुटक्या कपात च्या दिला, आन आज त्यालाच न्ह्यायला आलीस व्हय?"

बनुबाईनं मान खाली घातली. "व्हय," ती म्हणाली. "आलेय."

नोहानं तोपर्यंत पेटी बांधली होती. म्हातारीला मागं बसवलं. ती त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून पेटी कवटाळून बसली.

गाय ह्या वेळी गोठ्यात नव्हती. सकाळी टँकरच्या पाण्यावर नेताना बाभळीखाली कोसळली होती, आडवी, चारही पाय ताणून. तोंडातून लाळ. डोळा भुईला लागलेला, त्यावर माशा. राधाकृष्णनं नोहाला बघितलं, आईला बघितलं, आणि बाजूला सरकला.

"पुरतं पिळलंस न्हवं?"

राधाकृष्णनं गायीच्या डोळ्यावरच्या माशा हाकलल्या.

"तिला सरळ बसवाया पायजे आधी. आडवी ऱ्हायली तर पोट फुगून मरंल. मावशी, पोत्यात भुसा भरा. आन तू हिकडं लाव खांदा."

दोघांनी खांदे लावले. गायीचं अंग हलेना. पुन्हा लावले. राधाकृष्णची चप्पल तुटली, नोहाच्या तोंडात माती गेली. तिसऱ्यांदा गाय पोटावर आली, बनुबाईनं दोन्ही बाजूंना पोती कोंबली आणि मान धरून बसली. नोहानं शीर शोधली. ह्या वेळी ती लवकर सापडली नाही. सुई दोनदा चुकली. काळीज फार मंद चाललं होतं, कानाला नळी लावली तरी मध्येच हरवत होतं.

"बाटली धर," तो राधाकृष्णला म्हणाला. "हितं खुंटी न्हाई. मला काळजावरनं कान काढता येत न्हाई. उंच धरली तर जोरात जाईल. लई सावकाश पायजे. आजच्याला लईच."

"सावकाश म्हंजी किती?"

"बाटलीवर रेघा हायत बघ. मी मनात प्रार्थना म्हनतो, आमची नेहमीची. ती पुरी व्हायच्या आत रेघ उतरली तर समजायचं जोरात चाललंय. मंग बाटली खाली घ्यायची."

राधाकृष्ण त्याच्याकडे बघत राहिला. "म्हंजी तवा तू त्येच करत हुता?"

"रोज त्येच करतो."

"घड्याळ लाव की मंग."

"घड्याळ बघायला डोळं लागत्यात. डोळं गायीवर पायजेत." नोहानं नळी कानात घट्ट केली. "तू तुला येतं त्ये म्हन. लांबलचक कायतरी."

"मला काय येत न्हाई."

"देवाचं कायतरी म्हन की रं," बनुबाई म्हणाली. "तुजा बाप एवढं म्हनायचा."

"त्यो म्हनायचा. मला न्हाई येत." राधाकृष्णच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, हात बाटली धरण्यात अडकलेले. "पाढं येत्यात."

"चालंल," नोहा म्हणाला. "सतराचा म्हन."

"सतराच का?"

"त्यात तू अडायचास. सावकाश व्हईल."

राधाकृष्ण हसणार होता, पण हसला नाही. "सतरा एके सतरा," तो म्हणाला. "सतरा दुने चौतीस." थेंब पडू लागले. नोहानं डोळे गायीच्या नाकपुडीवर लावले. त्याचे ओठ मिटलेले होते.

राधाकृष्णच्या खिशातला फोन वाजला. वाजत राहिला. शेवटी बनुबाईनं गायीची मान मांडीवर घेतली, एका हातानं तो काढून त्याच्या कानाला लावला. गोरक्षनाथचा आवाज तिघांनाही ऐकू येत होता.

"राधाकिसन, नोहाची गाडी तुज्या रानाकडं गेली म्हनत्यात. त्येला घेतलास का रं तू?"

राधाकृष्णनं नोहाकडे बघितलं. नोहानं त्याच्याकडे बघितलं नाही. तो काळीज ऐकत होता.

"घेतलाय," राधाकृष्ण म्हणाला. "मीच घेतलाय."

"आरं काल येवढं ठरलं आन तू... तितं पुन्ना प्रार्थना चाललीय का काय?"

"सतराचा पाढा चाललाय."

"काय?"

"हात मोकळा न्हाई माजा. ठिव." त्यानं मान झटकली, बनुबाईनं फोन मातीत ठेवून दिला. गोरक्षनाथ मातीतून थोडा वेळ बोलत राहिला आणि थांबला.

"कुठवर आलतो?" राधाकृष्णनं विचारलं.

"चौतीस," नोहा म्हणाला.

"सतरा त्रिक एक्कावन. सतरा चोक अडुसष्ट." रेघ उतरत होती. राधाकृष्णनं बाटली थोडी खाली घेतली. गायीच्या कातडीवरून एक बारीक थरथर गेली आणि विरली. पुन्हा आली की वाऱ्यानं केस हलले, ते सांगता येत नव्हतं. "सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक..." तो अडला. ओठ हलवून बघितले, आईकडे बघितलं, तिला काय ठाऊक असणार. नोहा काही सांगेना.

बाटली निम्मी राहिली होती. राधाकृष्णनं खांदा बदलला आणि पुन्हा सतरा एकेपासून सुरुवात केली.